फुकटचं पान, विकतचं पान

सिस्टरबाईंच्या घरात नक्की किती वाजले हे कधीच कळत नसे. बैठकीच्या भिंतीवर दोन घड्याळं होती. एक खताच्या दुकानातून दिवाळीला फुकट मिळालेलं, दुसरं चंद्रपूरहून मुद्दाम विकत आणलेलं. दोघांचं कधी पटलं नाही. बाई आधी इकडे बघत, मग तिकडे बघत, मधली वेळ धरत आणि त्या वेळेला माझ्या खोलीचं दार वाजवत. त्या वेळेला मी हमखास दाढी करत असे.

सगळं दोन-दोन. दोन झाडू, एक बाजारातला महागडा आणि एक कुणीतरी शिंदीच्या पानांचा बांधून दिलेला. अर्धं अंगण याने, अर्धं त्याने झाडायचं आणि कुठला आधी झिजतो ते बघायचं. दोन छत्र्या. चहापत्तीचे दोन डबे. माझ्या शेजारच्या खोलीत त्यांच्या नात्यातला एक कंपाउंडर बिनभाड्याचा राहत होता. मला वाटायचं, त्यांचा दयाळूपणा. वर्षभराने समजलं की भाडं देणारा खोली नीट ठेवतो की न देणारा, हे त्या पाहत होत्या. निकाल कुणाच्या बाजूने लागला ते त्यांनी आम्हा दोघांनाही सांगितलं नाही.

"फुकटचं वाईट राह्यते आन् विकतचं चांगलं राह्यते, हे कोनी ठरवलं?" असं त्या विचारत. मी सांगितलं तर त्यांचं दुसरं वाक्य तयार असे, "तू वापरून पाह्यलं काय?"

मी मूल गावात एका खाजगी संस्थेत कॉम्प्युटर शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात दुकानदारांच्या, राइस मिलवाल्यांच्या वेबसाइट बनवून देत होतो. बाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. नोकरीतली कितीतरी वर्षं त्यांनी सावली, सिंदेवाहीकडच्या गावांमधून सिकलसेलच्या तपासण्या करत काढली होती. सिकलसेल म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, आणि थंडी लागली, ताप आला, अंगात पाणी कमी पडलं की हातपाय असे दुखतात की मोठी माणसंही ओरडतात. आमच्या भागात तो घरोघर आहे, पण दाराबाहेर कुणी बोलत नाही.

निवृत्तीनंतरही लोक बाईंनाच फोन करत. मग कुणीतरी मोबाइलवर एक ग्रुप काढला. सकाळी फुलं, दुपारी देवाचे फोटो आणि मधेच कुठेतरी एखादी आई विचारायची की पोराचे डोळे पिवळे दिसताहेत, काय करू. बाईंचं उत्तर येईपर्यंत तो प्रश्न फुलांखाली गाडला गेलेला असायचा. तोच प्रश्न आठवड्याने दुसरी कुणीतरी विचारायची. बाई पुन्हा लिहायच्या. एका बोटाने, चष्मा कपाळावर ठेवून.

हे असंच चाललं असतं. पण त्या ग्रुपात सिंदेवाहीची एक मुलगी होती, बीएस्सी झालेली, स्वतः सिकलसेलची पेशंट. तिची सोयरीक ठरली होती. मुलाकडचा कुणी लांबचा काका आपल्या नातवासाठी त्याच ग्रुपात होता. त्याने हिचं नाव आणि नंबर ओळखला. दोन दिवसांत निरोप आला की आमचा विचार बदलला.

ती मुलगी बाईंच्या बैठकीत येऊन बसली तेव्हा मी तिथेच होतो. रडली वगैरे नाही. म्हणाली, "बाई, मी लपवनार नव्हती. पन सांगाचं तं माह्या तोंडानं सांगाचं होतं. मी सांगून तो नाई म्हनला असता तं चाललं असतं."

बाईंनी तिला चहा दिला. ती गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "असं पान नाई काय, जिथी मानूस नाव झाकून इचारू शकते? आन् एकदा इचारलेलं तिथीच राह्यते, वाहून जात नाई?"

मी म्हणालो, "आहे. त्याला चर्चामंच म्हणतात. एकेका विषयाचा वेगळा धागा असतो, टोपणनाव घेता येतं."

"मंग कर."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला समजावून सांगायची खोड. मी सांगितलं की यात दोन प्रकार असतात. एक फुकट, लगेच मिळतं, पण त्या पानावर त्यांच्या जाहिराती येतात. दुसरं विकत, महिन्याचं बिल, जाहिरात नाही, आणि काही बिघडलं तर त्यांचा माणूस उत्तर देतो. तुम्ही विकतचं घ्या.

बाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो पाहून मला ते दोन झाडू आठवले.

"दोन्ही करू," त्या म्हणाल्या.

मी हात जोडले. सांगितलं की झाडू वेगळा, हे वेगळं, माणसं गोंधळून जातील. काही उपयोग झाला नाही. एक फुकटचं पान उघडलं, एक विकतचं. लोकांना हुकूम सुटला की जे विचारायचं ते दोन्हीकडे विचारायचं. टोपणनावं बाईंनीच वाटली, सगळी जंगलातली. कुणी मोहफूल, कुणी तेंदू, कुणी सागवान. सिंदेवाहीच्या मुलीला चारोळी. मला मिस्त्री. स्वतःला मात्र सिस्टर.

पुढचे काही महिने आठवले तरी माझं डोकं दुखतं. प्रत्येकाचे दोन पासवर्ड. एकीकडचा दुसरीकडे टाकायचा आणि मला फोन करायचा. रात्रपाळी करून घुग्घुसच्या खाणीतून आलेला एक बाप रोज सकाळी मला उठवून विचारायचा की आज फुकटवाल्यावर जाऊ की विकतवाल्यावर. एका ठिकाणी प्रश्न, दुसऱ्या ठिकाणी उत्तर. "तिकडं लिवलं हाय, तिकडं पाहा," असं लिहिलेलं दोन्हीकडे असायचं. मी बाईंना म्हणायचो, "बाई, एक काहीतरी ठरवा." बाई म्हणायच्या, "मी पाहून राह्यली ना."

आणि त्या खरंच पाहत होत्या. एके दिवशी त्यांनी मला बोलावून दोन्ही पानं वाचायला लावली. विकतच्या पानावर सगळे नीटनेटके लिहीत होते. "आदरणीय सिस्टर यांस सप्रेम नमस्कार, माझ्या पाल्याची प्रकृती ठीक नाही." बिल बाई भरतात हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखे पाय जवळ घेऊन बसत. फुकटच्या पानावर मात्र "सिस्टर, पोट्टं रातपासून रडून राह्यलं, मांडी धरते, काय करू सांगा लवकर." तीच आई, तोच दिवस, तेच मूल.

"आता सांग," बाई म्हणाल्या, "कोनतं चांगलं?"

मी चिडलो. जाहिरातींचं काय, असं विचारलं. त्यांनी हात उडवला. येईल साबणाची नाहीतर साडीची, लोकांना टीव्हीवर सवय आहे.

साबणाची आली नाही. लोक ज्या विषयावर लिहितात त्याच विषयाची जाहिरात शेजारी येते, हे मी त्यांना पुष्कळदा सांगितलं होतं. एका दुपारी सावलीजवळच्या खेड्यातून फोन आला. मोहफूल. तिच्या मुलाला गडचिरोलीच्या दवाखान्यात भरती केलं होतं. बाईंनी बसस्टँडकडे चालायला सुरुवात केली आणि मीही मागोमाग निघालो, कारण मोबाइलवर काय झालं ते बघायला त्यांना मी हवा होतो.

मुलगा खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. सलाइन लागलेली. मोहफूलने पदराच्या टोकाला बांधलेली पुडी सोडून दाखवली. तपकिरी चूर्ण. सिकलसेल मुळापासून बरा करतो म्हणून जाहिरात होती, पांढरा कोट घातलेल्या माणसाचा फोटो होता. तिने चूर्ण मागवलं, आणि त्याच्या पथ्यात लिहिलं होतं म्हणून रोजच्या गोळ्या बंद केल्या.

बाईंचा आवाज चढला. "मी जल्मभर सांगून राह्यली का हा आजार मुळापासून बरा करनारं चूर्न कुठंच नाई. गोया बंद नाई कराच्या. काऊन केल्या?"

मोहफूल त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला खरंच कळेना की बाई का रागावल्या.

"तुमच्याच पानावर होतं जी," ती म्हणाली. "मले वाटलं, सिस्टरनं पाहूनच लावलं असन."

बाई खाटेवर बसल्या आणि त्या पोराची पोटरी हलक्या हाताने दाबत राहिल्या. संध्याकाळी मुलगा थोडा झोपला. दोन-तीन दिवसांत घरीही गेला. पण त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मूल गाव येईपर्यंत बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. बसमधून उतरल्यावर म्हणाल्या, "ते बंद कर. आत्ता. इथीच."

बसस्टँडवर, रसवंतीच्या बाकावर बसून, मी फुकटचं पान बंद केलं.

मला वाटलं, सुटलो. आता विकतचं तेवढं राहील. पण बाईंनी आता त्या विकतवाल्याला धारेवर धरलं. मदत करणाऱ्या त्यांच्या माणसाला विचारायचे प्रश्न त्या मला सांगत, मी ते इंग्रजीत लिहून पाठवत असे. पहिला प्रश्न असा की मी मेल्यावर लोकांनी लिहिलेलं कुठे जाईल? उत्तर आलं की तुमचा प्लॅन चालू असेपर्यंत सर्व मजकूर सुरक्षित आहे. मी ते मराठीत सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "म्हंजे माह्या जीवावर हाय." दुसरा प्रश्न, सभासद वाढले तर? ठरावीक संख्येपुढे वरचा प्लॅन, नाहीतर नव्या माणसाला प्रवेश नाही. आमची संख्या तिथवर येऊन ठेपलीच होती. धानोऱ्याकडचं एक कुटुंब पानावर यायला थांबलं होतं.

"खाट नाई म्हून परत पाठवलेले पेशंट मी लय पाह्यले," बाई म्हणाल्या. "माह्या घरच्या पानावरून कोनाले परत नाई पाठवाचं."

"मग वरचा प्लॅन घ्या."

"आन् त्याच्या वरचा?"

मी वैतागून बोलून गेलो की मग स्वतःचंच बांधा. तसं सॉफ्टवेअर मिळतं, लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही घ्यावं. जाहिरात नाही, डोकी मोजत नाही, मजकूर आपल्या ताब्यात. एक छोटं मशीन तेवढं भाड्याने घ्यावं लागतं. पण ते राखायला माणूस लागतो. दुरुस्त्या, बॅकअप, कुणी घुसायचा प्रयत्न केला तर बंदोबस्त. त्याला मदत करणारी कंपनी नसते.

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मला नीट पाहिलं.

"तू हाय ना," त्या म्हणाल्या.

अशा रीतीने मी राखणदार झालो. विकतच्या पानावरचा सगळा मजकूर हलवायला माझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या. सागवानला त्याचा जुना प्रश्न सापडत नाही म्हणून बाई दार वाजवत. अक्षर बारीक दिसतं म्हणून दार वाजवत. अक्षर मोठं केलं की एका ओळीत कमी मावतं म्हणून दार वाजवत. मी म्हणे, "बाई, हे असं होत नाही." त्या म्हणत, "करून तं पाह्य." मी केलं की होत असे, याचा मला अजून राग येतो.

पुढे मला नागपूरला नोकरी लागली. खोली सोडली, पान सुटलं नाही. मी मीटिंगमध्ये असलो की फोन वाजे. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. "पान उघडून नाई राह्यलं." एकदा मित्राच्या लग्नात, अक्षता हातात धरून, मी मंडपाच्या मागे जनरेटरशेजारी बसून मोबाइलवरून मशीन चालू केलं. बाईंनी विचारलं, एवढा आवाज कशाचा? मी म्हणालो, लग्नाचा. "कोनाचं?" "मित्राचं." "मंग जा ना, इथी काय करून राह्यला?" आणि फोन ठेवला.

शेवटी एक दिवस माझा संयम सुटला. साहेब समोर बसले होते, फोन तिसऱ्यांदा आला. मी बाहेर जाऊन ओरडलोच. "बाई, तुम्हाला वाटतं हे फुकट आहे. हे फुकट नाही. हा माझा वेळ आहे, माझी नोकरी आहे. विकतचा माणूस ठेवा आता."



"हे आधी सांगाचं होतं ना," बाई म्हणाल्या. रागाने नाही. कुणी नवी माहिती द्यावी आणि ती आपण मनात टिपून घ्यावी, तसं.

त्यानंतर फोन बंद. एक आठवडा मला फार बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात मी सकाळी चहा घेताना आपणहून पान उघडून पाहू लागलो. नुसतंच, सगळं ठीक आहे ना म्हणून. आणि वाचत बसायचो. तिथे पळस नावाची एक नवी बाई आली होती, अहेरीच्याही पलीकडची, स्वतः पेशंट आणि पोटात बाळ. तिला भीती वाटायची. जवळच्या दवाखान्यात घेत नाहीत, लांबच्या दवाखान्यात न्यायला नवरा तयार नाही. तेंदूने तिला गाडीचं कसं करायचं ते सांगितलं होतं. मोहफूलने नवऱ्यासाठीच एक लांबलचक खरमरीत मजकूर लिहिला होता आणि त्याला वाचून दाखव म्हणून सांगितलं होतं. मग पळसने लिहिलं की नवरा तयार झाला, उद्या निघतो. त्यानंतर काही नाही. मी ऑफिसमध्ये असतानाही मधूनमधून पाहायचो.

त्याच दिवसांत बाईंचा फोन आला. "रविवारी ये. चारोळीले सगळं शिकव."

गेलो. सिंदेवाहीची ती मुलगी लॅपटॉप घेऊन बैठकीत बसली होती. आता ती ब्रह्मपुरीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत होती. मला वाटलं होतं दोन-तीन रविवार लागतील. पण ती बरंच काही आधीच वाचून आली होती, आणि जिथे अडली होती तेवढंच विचारत होती. अडचण बाईंची होती. त्या मधे बसल्या होत्या आणि प्रत्येक पायरीला विचारत होत्या, "हे काऊन? हे नाई केलं तं काय होते?" मी दोनदा उठून अंगणात जाऊन आलो. दुपारी लाखोळीचं वरण, भात आणि कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या झाल्या. जेवतानाही बाईंचं चालूच होतं, बॅकअप कुठे राहतो, तिथे कोण जातं, त्याला कुलूप कुणाचं.

"मशीनची किल्ली, तो मेन पासवर्ड, कोना-कोनाजवळ हाय?" त्यांनी विचारलं.

"आता चारोळीकडे आणि माझ्याकडे."

"तुह्याजवळ काऊन?"

मला आधी थट्टा वाटली. मी सांगितलं, काही बिघडलं तर असू द्यावी, मीच बांधलंय ते.

"हो, पन त्या किल्लीनं सगळ्याइची खरी नावं दिसते ना? नंबर दिसते?"

"दिसतात. पण मी कशाला बघू?"

"तू नाई पाहत. माहीत हाय मले." बाई चिरलेली सुपारी तळहातावर घेऊन बसल्या होत्या. "पन तू पेशंट नाई. तुह्या घरी कोनी पेशंट नाई. तू आमच्यातला नाई. मंग तुह्याजवळ किल्ली काऊन पाह्यजे?"

चारोळीने खाली पाहिलं. इतकी वर्षं, ती सगळी दारं वाजवणं, तो जनरेटर, ते साहेब. मी म्हणालो, "बाई, साधं थँक्यू तरी म्हणा आधी."

"ते म्हनीन ना. आधी काढ."

चारोळीला ती शेवटची पायरी अजून येत नव्हती. कुणाचं नाव मुळापासून कसं काढायचं ते मी तिला शिकवलं नव्हतं, कारण ते लागेल असं वाटलं नव्हतं. म्हणून ते मलाच करावं लागलं. मी तिच्या लॅपटॉपवर बसलो, मिस्त्री शोधला, आणि तिला समजावत समजावत, इथे हे लिहायचं, मग हे, मग तो खात्री विचारतो, तेव्हा हो म्हणायचं, असं करत माझी किल्ली आणि माझं खातं दोन्ही काढून टाकलं. तिने मान हलवली. समजलं म्हणाली.

"आता तुह्या मोबाइलवर उघडून पाह्य," बाई म्हणाल्या.

मी उघडलं. पान आलं, आणि त्यावर मीच कधीतरी लिहिलेली ओळ होती, की हे पान फक्त सभासदांसाठी आहे. बाईंनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, लांब धरला, ती ओळ मोठ्याने वाचली आणि मनापासून खूश झाल्या.

"चालते!" त्या म्हणाल्या.

मी चपला घातल्या. बसला वेळ होता, पण मला तिथे थांबवेना. दारात आल्यावर राहवलं नाही. विचारलं, "बाई, त्या पळसचं काय झालं? बाळंतीण झाली का ती?"

बाईंनी दाराची कडी हातात धरली होती. चारोळी आतून माझ्याकडे बघत होती, तिला माहीत होतं असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"ते तुले कायले पाह्यजे?" बाई म्हणाल्या, आणि मी पायऱ्या उतरेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.